माझ्या हातून घडलेले

पाऊस पडत होता. पाण्याच्या काठावर तो मुलगा उभा होता, पलीकडे त्याचे गाव होते, आणि आजारी वडिलांसाठी जिवावर उदार होऊन मिळवलेले औषधी पाणी त्याच्याजवळ होते. मध्ये केवळ तेवढाच पट्टा ओलांडायचा राहिला होता. मी गेमच्या कंट्रोलरच्या उजव्या बाजूचे प्रत्येक बटण दाबून पाहिले, स्टिक पुढे ढकलून पाहिली, पण मुलगा काही केल्या पाण्यात उतरेना. त्याला पोहता येत नाही, हे गेल्या तीन तासांत मला पुरते ठाऊक झाले होते. आई डोळ्यांदेखत बुडाल्यापासून त्याने पाण्याची धास्ती घेतली होती, आणि आतापर्यंत जेवढे पाणी आम्ही ओलांडले तेवढे त्याने थोरल्या भावाच्या पाठीला बिलगून ओलांडले होते. तो थोरला आता नव्हता. थोड्याच वेळापूर्वी मीच त्याला खड्ड्यात उतरवून वर माती लोटली होती. काय करावे हे न सुचून मी तशीच बसून राहिले असताना माझ्या डाव्या हाताची तर्जनी, जिला बराच वेळ काही कामच उरले नव्हते, ती जुन्या सवयीने मागच्या ट्रिगरवर जाऊन टेकली. मुलाने पाण्यात अंग टाकले आणि तो पोहू लागला.

हा प्रसंग ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ या गेममधील आहे. स्वीडनच्या स्टारब्रीझ या स्टुडिओने केलेला हा गेम २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचे लेबनॉनचे. लहानपणी ते कुटुंबासह स्वीडनला गेले, तेथे चित्रपट दिग्दर्शक झाले आणि मग या माध्यमाकडे वळले. चित्रपटाच्या माणसाने गेम केला तर तो पाहण्यासारखा असेल, एवढीच माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी केले ते चित्रपटाला कधीच करता येणार नाही असे होते. त्यांनी एका कंट्रोलरची दोन भावांत वाटणी केली. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर थोरल्या नाइयाचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्या नाइईचा. पहिला अर्धा तास फार गोंधळाचा जातो, कारण एकाला पुलावर चढवावे तर दुसरा कुंपणाला धडकत राहतो. पण हळूहळू मेंदू ही वाटणी स्वीकारतो, आणि एका क्षणी लक्षात येते की आपला डावा हात म्हणजे थोरला झाला आहे. म्हणून तो मेल्यावर पडद्यावर जे दिसते त्यापेक्षा हाताला जे जाणवते ते अधिक दुखावते. डावा अंगठा स्टिकवर असतो, आणि ती हलवून काहीही होत नाही.

हा गेम मला माझ्या धाकट्या भावाने दिला. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. २०२० च्या फेब्रुवारीत नोकरीसाठी जर्मनीला जाताना त्याने त्याचा प्लेस्टेशन माझ्याकडे ठेवला आणि सांगितले, ‘‘ताई, बाकी काही नको खेळूस, हा एवढा एक खेळ. तीन तासांचा आहे.’’ मी वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि तोपर्यंत गेम ही गोष्ट मुलांना अभ्यासापासून दूर ठेवणारी म्हणूनच मला माहीत होती. पुढच्याच महिन्यात सगळे घरात बसले आणि मी तो लावला. कंट्रोलर कसा धरायचा हेही मला फोनवर विचारावे लागले. आई शेजारी दिवाणावर मटार सोलत बसली होती. या गेममधील माणसे जगातील कोणतीच खरी भाषा बोलत नाहीत. त्यांच्या तोंडी रचलेले ध्वनी आहेत, ज्यांतून फक्त हाक, काळजी, धाक आणि हुंदका एवढेच कळते. त्यामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या माझ्या आईचे काहीही अडले नाही. मी जेव्हा थोरल्याला ओढत खड्ड्यापाशी नेत होते, तेव्हा तिने हातातली शेंग तशीच ठेवून विचारले, ‘‘मोठा गेला का गं?’’ आणि मग मी माती लोटत असताना ती उठून आत निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शोकाने झोप उडाल्याचे प्रसंग मला नवीन नाहीत, आणि करुण रस तर मी वीस वर्षे वर्गात शिकवत आले आहे. वेगळे होते ते हे की दुःखाबरोबर बोटांतही काहीतरी उरले होते. ट्रिगरचा दाब उरला होता. मला कोणी सांगितले नव्हते की थोरल्याचे बटण दाब. गेमने तसे अक्षरही पडद्यावर दाखवले नव्हते. भावाने शिकवलेले धाकट्यात उतरते, गेलेल्याचे बळ मागे राहिलेल्याच्या अंगात येते, हे वाक्य कोणत्याही कथेत लिहिता येईल आणि वाचताना ते गुळगुळीतच वाटेल. येथे ते वाक्य कोणी उच्चारलेच नाही. ते माझ्या डाव्या तर्जनीने केले.

बटण दाबायला लावले की भावना उत्पन्न होते, असा याचा अर्थ मात्र नाही. २०१४ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर’ या गेममध्ये एका सैनिकाच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे, आणि शवपेटीपाशी पोहोचल्यावर पडद्यावर सूचना येते की आदर व्यक्त करण्यासाठी अमुक बटण दाबा. संगणकावर ते ‘एफ’ हे अक्षर होते, आणि आजही कोणाच्या दुःखद वार्तेखाली तरुण मुले नुसते ते एक अक्षर लिहितात ते तेथूनच आलेले आहे. जगभर त्या प्रसंगाची थट्टा झाली. मी तो प्रसंग नंतर मुद्दाम पाहिला, कारण मला समजून घ्यायचे होते की दोन्हीकडे एकच बटण दाबायचे असताना एक हसे का ठरले आणि दुसऱ्याने माझी झोप का उडवली. उत्तर माझ्या मते असे आहे की त्या शवपेटीपाशी दाबायच्या बटणाला पूर्वायुष्य नव्हते. त्या बटणाने आणि त्या मृत मित्राने एकत्र काही भोगले नव्हते. ‘ब्रदर्स’मधील डाव्या ट्रिगरने मात्र तीन तास धाकट्याला उचलले होते, कड्यावर चढवले होते, पाण्यातून नेले होते. गेम लिहिणारा माणूस शब्दांच्या आधी सवयी लिहितो. एखादी हालचाल शंभर वेळा करवून घेऊन ती आपल्या अंगवळणी पाडतो, आणि मग एकशे एकाव्या वेळी तीच हालचाल आपल्यापुढे अशा जागी आणून ठेवतो की तिचा अर्थ पालटलेला असतो.

येथे मला माझ्या विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. करुण रस हा दुःखाचा असूनही प्रेक्षक तो आवडीने का अनुभवतो, या जुन्या प्रश्नाला आपल्या काव्यशास्त्राने दिलेले एक भक्कम उत्तर म्हणजे भट्टनायकाचे साधारणीकरण. रंगमंचावरचा शोक ना माझा असतो, ना केवळ त्या नटाचा. तो कोणा एकाचा राहत नाही, म्हणून त्याची धग लागते पण तो भाजत नाही. अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला आणि आपण आजही वर्गात तोच शिकवतो. प्रेक्षकाचा स्वार्थ आणि त्याची जबाबदारी दोन्ही गळून पडलेल्या असणे ही या आस्वादाची पूर्वअट आहे. राम सीतेला वनात पाठवतो तेव्हा मी रडते, पण मी तिला पाठवलेले नसते. गेममध्ये नेमकी हीच अट मोडते. तेथे मी पाठवलेले असते. भरतमुनींनी सांगितलेल्या तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांत व्रीडा म्हणजे लाज आहे, ग्लानी आहे, निर्वेद आहे, पण ते सारे पात्राच्या ठायी असतात. प्रेक्षकाच्या ठायी उपजलेली लाज, त्याने स्वतः केलेल्या कृत्याची लाज, तिच्यासाठी या व्यवस्थेत घर नाही, कारण प्रेक्षकाने काही करण्याची सोयच त्या कलेत नव्हती.

पण मराठीत तिच्यासाठी एक प्रयोग आहे, आणि तो मला या सगळ्या काळात पुन्हा पुन्हा आठवत राहिला. ‘मी चूक केली’ आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ या दोन वाक्यांत आपण फरक करतो. दुसऱ्या वाक्यात बोलणारा जबाबदारी झटकत नाही. हात त्याचाच असतो, आणि तो ते कबूल करतो. पण त्या कृत्याच्या मागे आपला सगळा जीव नव्हता, ते आपल्यातून वाट काढून घडून गेले, एवढेही तो त्याच शब्दांत सांगतो. पुण्यही हातून घडते आणि पापही. कथाप्रधान गेम उत्तम असतात तेव्हा त्यांतील सगळे काही आपल्या हातून घडलेले असते. ते मी लिहिलेले नसते, दुसऱ्या कोणीतरी बऱ्याच आधी ठरवून ठेवलेले असते, आणि तरी माझा अंगठा हलल्याशिवाय ते घडत नाही.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा रॉकस्टार या कंपनीचा २०१८ सालचा गेम मी त्यानंतर चार महिने खेळत होते. १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची एक टोळी, आणि तिच्यातील आर्थर मॉर्गन हा चाळिशीकडे झुकलेला माणूस, जो आपण असतो. गेमच्या सुरुवातीच्या भागात टोळीतील सावकारी करणारा स्ट्रॉस नावाचा इसम आर्थरला वसुलीसाठी पाठवतो. त्यांतील एक ऋणको थॉमस डाउन्स नावाचा गरीब शेतकरी आहे. तो आजारी आहे, हे दिसत असते. मी त्याच्या कुंपणापाशी गेले, त्याला धरले आणि सूचनेप्रमाणे बटण दाबून मारले. मारताना माझ्या मनात दुसरे काहीही नव्हते. त्याआधी मी अशी कित्येक कामे उरकली होती आणि हेही त्यांतलेच एक होते. तो खोकला, त्याच्या तोंडातून आलेले रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडाले, त्याची बायको ओरडत बाहेर आली, आणि मी घोड्यावर बसून पुढच्या कामाला लागले. मला वाटते मी त्या संध्याकाळी मासे पकडायला गेले होते.

चाळीस-पन्नास तासांनंतर आर्थर शहराच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर त्याला क्षय झाल्याचे सांगतो. क्षय या शब्दाशी आपली ओळख जुनी आहे. जुन्या मराठी कादंबऱ्यांतून तो इतक्या नायिकांना झालेला आहे की तो रोग कमी आणि कथेची सोय अधिक वाटू लागतो. पण येथे तो कोठून आला हे मला ठाऊक होते. तो मी दाबलेल्या बटणातून आला होता. त्यानंतर आर्थरचे गाल खोल जातात, डोळे लाल होतात, आणि ज्या शरीराला मी महिनोन्महिने कसेही पळवले होते, ते शरीर खोकू लागते. पुढे डाउन्सची विधवा आणि तिचा मुलगा भेटतात, आणि त्यांना मदत करायची की नाही हे गेम आपल्यावर सोडतो. ती न करताही कथा पूर्ण होते. मी ती केली. त्या बाईने पैसे घेण्यास आधी नकार दिला तेव्हा मला बरे वाटले, कारण तिने लगेच क्षमा केली असती तर ते खोटे झाले असते. आणि शेवटच्या स्वारीत, ज्या घोड्याला मी रोज खरारा केला होता, गाजरे भरवली होती, त्याला गोळी लागून तो पडतो, तेव्हा आर्थर त्याच्याजवळ बसून त्याचे आभार मानतो. घोड्याची निगा राखणे हे खेळताना मला कंटाळवाणे वाटले होते. तो कंटाळा कशासाठी होता ते तेव्हा कळले.

आता ज्या गेमबद्दल लिहिणे मी बरेच दिवस टाळत होते त्याकडे येते. नॉटी डॉग या स्टुडिओचा ‘द लास्ट ऑफ अस’ २०१३ सालचा आहे. बुरशीच्या संसर्गाने जग उद्ध्वस्त झाले आहे, जोएल या मध्यमवयीन माणसाने वीस वर्षांपूर्वी आपली मुलगी गमावली आहे, आणि ज्या एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला हा संसर्ग बाधत नाही तिला त्याने देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवायचे आहे. शेवटी ते इस्पितळात पोहोचतात तेव्हा कळते की लस तयार करण्यासाठी एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यात ती जगणार नाही. जोएल हे होऊ देत नाही. तो शस्त्रक्रियागृहात शिरतो. एक डॉक्टर हातात शस्त्र धरून त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये उभा राहतो.

त्या क्षणी गेम थांबतो आणि वाट पाहतो. मीही थांबले. डॉक्टर हल्ला करत नाही. तो भ्यालेला आहे आणि फक्त उभा आहे. मी खोलीत इकडे तिकडे फिरले, दुसरा रस्ता शोधला. दुसरा रस्ता नाही. कितीही वेळ थांबले तरी कथा पुढे जात नाही. ती पुढे न्यायची असेल तर त्या माणसाला मारावे लागते, आणि ते जोएल करत नाही, आपण करतो. तेथे दोन पर्याय दिले असते तर मी बरी बाजू निवडून मोकळी झाले असते, आणि तेव्हा सात वर्षे जुना असलेला हा गेम तेवढ्यावर विसरूनही गेले असते.

२०१९ च्या जानेवारीत माझे वडील अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या फुफ्फुसांनी साथ सोडली होती आणि त्यांच्या आजाराला पुढची वाट उरली नव्हती. डॉक्टर शांत आणि सज्जन होते. त्यांनी मला बाजूला बोलावून सारे समजावून सांगितले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावण्यास नातेवाइकांचा नकार आहे, अशा अर्थाचा कागद पुढे ठेवला. भाऊ रेल्वेत होता, पोहोचायला चार तास होते, त्याचा फोन लागत नव्हता. आईला हे विचारणे मला शक्य नव्हते. ज्या पेनाने मी उत्तरपत्रिका तपासत असे ते पर्समध्ये होते. मी सही केली. भाऊ आला तेव्हा सगळे आटोपले होते. त्याने मला कधीही काही विचारले नाही, आणि मीही त्या कागदाविषयी त्याच्याशी बोलताना, एकदाच बोललो तेव्हा, ‘माझ्या हातून सही झाली’ असेच म्हणाले. तेव्हा ते शब्द मी निवडले नव्हते. ते तसेच आले.

जोएलचे कृत्य आणि माझी सही यांत काहीही साम्य नाही. त्याने एकाला धरून ठेवण्यासाठी इतरांना मारले, मी धरून ठेवले नाही. मला सारखा वाटला तो फक्त थांबलेला क्षण. खोलीत दुसरे दार नसणे, कोणीही घाई न करणे, आणि तरी आपला हात हलल्याशिवाय पुढचे काही घडणार नाही ही जाणीव. कादंबरीत, नाटकात, चित्रपटात मी मृत्यूचे अनेक प्रसंग वाचले-पाहिले होते आणि वडील गेल्यानंतर त्यांतील काहींनी मला धीरही दिला होता. पण तो क्षण कशानेच मला परत दाखवला नव्हता. कारण त्या सर्व ठिकाणी पान आपोआप उलटत होते.

या गेमचा दुसरा भाग २०२० च्या जूनमध्ये आला आणि त्यात कळते की त्या डॉक्टरला ॲबी नावाची एक मुलगी होती. अर्धा गेम आपण तिच्या हातांनी खेळतो. सूडाच्या त्या कथेविषयी पुष्कळ वाद झाले आणि तो गेम काही ठिकाणी अनावश्यक लांबला आहे, असे माझेही मत आहे. पण त्याच्या शेवटाला मी तोड पाहिलेली नाही. जोएलने एलीला गिटार शिकवलेली असते, आणि गेममध्ये ती आपण वाजवतो. कंट्रोलरवरच्या स्पर्शपट्टीवर अंगठा फिरवला की तारा छेडल्या जातात. शेवटी एली सर्वस्व गमावून रिकाम्या घरी परतते, गिटार मांडीवर घेते, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे मारामारीत तुटलेली आहेत. माझा अंगठा पूर्वीसारखाच फिरतो. सूर मात्र पूर्वीसारखे उमटत नाहीत. काही तारा नुसत्या खरखरतात.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ मी एकदाच खेळले आणि पुन्हा खेळणार नाही. अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याने तो आपल्या मुलाविषयी केला. योगायोगाने याही मुलाचे नाव जोएल होते. वर्षाचा असताना त्याला मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि २०१४ च्या मार्चमध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी तो गेला. गेमवर काम सुरू झाले तेव्हा तो जिवंत होता. १२ जानेवारी २०१६ रोजी, त्याचा सातवा वाढदिवस असता त्या दिवशी, तो प्रसिद्ध झाला. त्यात इस्पितळातील एका रात्रीचा प्रसंग आहे. मूल तहानेने व्याकूळ होऊन रडते आहे आणि पोटात काही ठरत नाही. बाप त्याला रस देऊन पाहतो, कुशीत घेऊन पाहतो, खोलीत येरझाऱ्या घालतो. खेळणारा खोलीतील प्रत्येक वस्तूला हात लावून पाहतो, कारण गेममध्ये कुठेतरी काहीतरी दाबले की अडचण सुटते ही सवय त्याला लागलेली असते. रडणे थांबत नाही. जे माध्यम माणसाला सतत ‘तू कर, तुला जमेल’ असे सांगत आले, त्याच माध्यमातून एका बापाने हात लुळे पडण्याचा अनुभव दिला. ही गोष्ट त्या दोघांनी स्वतःच्या घरातून उचलून आपल्या हवाली केली आहे, आणि तिच्याविषयी यापेक्षा अधिक विश्लेषण करणे मला बरे वाटत नाही.

निव्वळ रचनेचे कौशल्य पाहायचे असेल तर मी ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा २०१७ सालचा गेम सांगेन. जायंट स्पॅरो या छोट्या स्टुडिओचे इयन डॅलस त्याचे दिग्दर्शक. वॉशिंग्टन राज्यातील एका बेटावरच्या घरात एकामागून एक अकाली गेलेल्या माणसांच्या या कथा आहेत, आणि त्यांतील लुइस या तरुणाची कथा मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात पडद्यावर लावून दाखवली आहे. लुइस मासळीच्या कारखान्यात काम करतो. उजव्या स्टिकने मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, डोके उडाले की धड पुढच्या पट्ट्यावर टाकायचे. पुन्हा मासा. हे चालू असताना पडद्याच्या एका कोपऱ्यात त्याची कल्पनासृष्टी उमलते, आणि डाव्या स्टिकने तिच्यातल्या छोट्या आकृतीला वाट दाखवायची असते. वाट नगरात जाते, नगराचे राज्य होते, आणि ते चित्र वाढत वाढत सगळा पडदा व्यापते. उजवा हात मासे कापतच असतो, आता न बघता. मला हे खेळताना एकदम जाणवले की मी मासे विसरले आहे आणि तरी ते कापले जात आहेत. लुइसच्या आईला त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेले पत्र पार्श्वभूमीला वाचले जात असते, आणि ते पत्र ज्या मनःस्थितीचे वर्णन करते ती खेळणाऱ्याच्या दोन हातांत आधीच तयार झालेली असते. शेवटी राज्याभिषेकासाठी मान झुकवायची असते, आणि ती कोठे झुकते आहे हे कळेपर्यंत अंगठा पुढे गेलेला असतो. वर्गात पडद्यावर पाहताना मुले हळहळली. ज्या तिघा-चौघांनी तासानंतर कंट्रोलर हातात घेऊन तो खेळला, ती मुले मात्र काहीच बोलली नाहीत.

पोलंडच्या सरकारने २०२० साली वॉर्सातील एका स्टुडिओने केलेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ या गेमचा शाळांच्या शिफारस-यादीत समावेश करण्याचे जाहीर केले, तेव्हा मला शिक्षक म्हणून आनंद झाला. बोस्नियाच्या युद्धात साराजेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेल्या त्या गेममध्ये आपण सैनिक नसतो, तर अन्नाच्या शोधात रात्री बाहेर पडणारे नागरिक असतो, आणि एका रात्री एका वृद्ध जोडप्याच्या घरात शिरतो. त्यांच्या कपाटात औषधे आहेत. घरी आपला माणूस आजारी आहे. म्हातारा विनवतो, पण अडवत नाही. मी ती औषधे घेतली आणि त्यानंतर दोन दिवस तो गेम उघडू शकले नाही. युद्धाच्या साहित्यावर मी घेतलेल्या कोणत्याही तासाने मला स्वतःविषयी इतके सांगितलेले नाही.

गेल्या डिसेंबरात भाऊ सुट्टीवर आला. तो दोन आठवडे होता. एका रात्री आई झोपल्यावर त्याने विचारले की ‘ब्रदर्स’ पूर्ण झाला का, आणि मी पूर्ण झाल्याचे सांगितल्यावर म्हणाला, ‘‘परत खेळूया. तू डावी बाजू धर.’’ एकच कंट्रोलर दोघांनी धरून हा गेम खेळता येतो. गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते. लहानपणी मामाच्या विहिरीत मी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले होते, आणि नंतर हा माझ्या गळ्याला मिठी मारून पाण्यात यायचा. सुट्टी संपेस्तोवर माझ्या खांद्यांवर त्याच्या नखांचे ओरखडे असत. त्याला ते आठवते का, हे मी त्याला विचारले नाही.

आम्ही फार चांगले खेळलो नाही. दोनदा कड्यावरून पडलो. पहाटे दोनच्या सुमारास थोरला गेला, आणि त्याला पुरण्याचे काम भावाने एकट्याने, उजव्या हाताने केले. मी डावी बाजू सोडली. कंट्रोलर त्याच्याकडे गेला आणि तो एकटा खेळत राहिला. मी शेजारी बसून पाहत होते. धाकटा पाण्यापाशी आला. पाऊस पडत होता. भावाने हा गेम निदान चारदा पूर्ण केलेला आहे, त्याला काय करायचे ते ठाऊक होते. त्याची डावी तर्जनी त्या ट्रिगरपासून दोन बोटांवर होती. तो थांबला. पडद्याकडेच पाहत त्याने कंट्रोलरची डावी बाजू माझ्यापुढे केली.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘हे तुझं आहे.’’

मी ट्रिगर दाबला आणि पैलतीर येईपर्यंत दाबून धरला.